दायित्व विमा : प्रस्तावपत्रातील प्रश्न आणि आपले उत्तर

समव्यावसायिकांच्या बैठकीत व्यावसायिक दायित्व विम्याचा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले उत्तर असे, की आयुर्वेदीय औषधांना दुष्परिणाम नसल्यामुळे आपणांस अशा विम्याची आवश्यकताच नाही. दुसरे असे, की विमा काढून झाला आहे, आता चिंतेचे कारण नाही. पहिले उत्तर बहुधा ज्येष्ठ वैद्यांकडून येते, दुसरे नव्याने दवाखाना थाटलेल्या तरुणांकडून. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही उत्तरे सारखीच धोक्याची आहेत. पहिल्यात कायद्याविषयीचे अज्ञान आहे आणि दुसऱ्यात आपणच विकत घेतलेल्या कागदाविषयीचे.

या लेखाचा हेतू विमा कंपन्यांची भलामण करण्याचा नाही. वैद्याने दायित्व विमा घ्यावा, असेच माझे स्पष्ट मत आहे. परंतु तो घेताना प्रस्तावपत्रात जो एक साधा प्रश्न विचारला जातो, त्याचे प्रामाणिक उत्तर आपला व्यवसाय गेली अनेक वर्षे टाळत आला आहे. ते उत्तर दिल्याशिवाय घेतलेला विमा ऐन वेळी पाठीशी उभा राहीलच, याची शाश्वती नाही.

दायित्वाची कल्पना परकी नाही

ग्राहक कायदा हे पाश्चात्त्यांकडून आलेले लोढणे आहे, वैद्य-रुग्ण संबंधांत न्यायालयाला स्थान नव्हते, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्राणघातक व्याधीची चिकित्सा न कळविता आरंभणाऱ्या वैद्यास, रुग्ण दगावल्यास, पूर्वसाहस दंड सांगितला आहे. चिकित्साकर्मातील अपराधाने मृत्यू ओढवल्यास मध्यम दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत मिथ्या चिकित्सा करणाऱ्या वैद्यास पशू, मनुष्य आणि राजपुरुष अशा चढत्या क्रमाने दंड आहे. सुश्रुताचार्यांनी अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी अधिपतीची अनुज्ञा घेण्यास सांगितले, कारण शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, अशी ती अवस्था असते.

अर्थशास्त्रातील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. चिकित्सा चुकणे हा एक अपराध आणि धोका न सांगता चिकित्सा आरंभणे हा दुसरा, स्वतंत्र अपराध. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात रुग्णाच्या संमतीविषयी जो निर्णय दिला, त्याचे मर्म याहून फार वेगळे नाही. रुग्णास उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि संभाव्य धोके पुरेसे समजले असतील तरच त्याची संमती ही खरी संमती, असे न्यायालयाने म्हटले. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात अगदतंत्रासमवेत आपण व्यवहारायुर्वेद शिकलो आहोत. परीक्षेनंतर तो विषय बासनात बांधून ठेवला गेला, हा दोष शास्त्राचा नव्हे.

आजचा कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात निश्चित केले. जेथे सर्वच रुग्णांस संपूर्णतः विनामूल्य सेवा मिळते, तेवढीच ठिकाणे वगळली गेली. नोंदणीसाठी नाममात्र रक्कम घेतली म्हणून अशा धर्मादाय दवाखान्याचे स्वरूप बदलत नाही. मात्र जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काही देत नाहीत, तेथे विनामूल्य उपचार घेणारा रुग्णही ग्राहकच ठरतो. गरिबास फुकट औषध देणाऱ्या आपल्या खासगी दवाखान्यांची स्थिती हीच आहे.

१९८६ च्या कायद्याची जागा २० जुलै २०२० पासून २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून वैद्यकव्यवसाय आता वगळला गेला, असा समज काही काळ पसरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो अमान्य केला. त्यामुळे या मुद्द्यावर संदिग्धता उरलेली नाही.

नव्या कायद्यातील चार गोष्टी प्रत्येक वैद्यास ठाऊक असाव्यात. पहिली, तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. सातारच्या वैद्याने पुण्याहून आलेल्या रुग्णाची चिकित्सा केली, तर वैद्यास पुण्यास खेटे घालावे लागतील. दुसरी, आयोगाची आर्थिक अधिकारकक्षा ठरते ती मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार शुल्कही नाही. म्हणजे २०० रुपये तपासणी शुल्क देणारा रुग्ण एक पैसाही शुल्क न भरता कितीही लाखांची मागणी जिल्हा आयोगापुढे ठेवू शकतो. तिसरी, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. चौथी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. तक्रारीची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणे सादर करावे लागते. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. ४५ दिवसांपलीकडे एक दिवसही वाढवून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी १९८६ च्या कायद्यातील याच तरतुदीविषयी सांगितले आहे. आयोगाचा लिफाफा टेबलाच्या खणात टाकून ठेवणाऱ्या वैद्याची बाजू ऐकलीच जात नाही.

भरपाईच्या रकमांचेही मान बदलले आहे. कोलकात्याच्या कुणाल साहा प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. ते प्रकरण आधुनिक वैद्यकातील आणि मोठ्या रुग्णालयातील होते, हे खरे. परंतु कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई त्याच्या उत्पन्नावर आणि वयावर आधारून मोजली जाते, वैद्याच्या शुल्कावर आधारून नव्हे. ते गणित पॅथी पाहत नाही.

दुष्परिणाम नाहीत, हा युक्तिवाद

आपल्या औषधांना दुष्परिणाम नाहीत, हे विधान शास्त्रास धरून नाही. योग्य रीतीने योजिलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते आणि अयोग्य रीतीने योजिलेले औषधही विष ठरते, हा तर आपलाच सिद्धान्त आहे. वमन-विरेचनाच्या अतियोगाची लक्षणे आणि बस्तीच्या व्यापदा संहितेत सविस्तर सांगितल्या आहेत. ज्या शास्त्राने व्यापदांसाठी स्वतंत्र अध्याय लिहिले, त्या शास्त्राचा वैद्य आपल्या उपचारात धोका नाही असे म्हणतो, तेव्हा तो आपल्याच आचार्यांना खोटे पाडतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक, जयपाळ, गुंजा, पारद, हरताळ, मनःशिला इत्यादी द्रव्यांची यादी आहे. ज्या सिद्धौषधांत ही द्रव्ये असतात, त्यांच्या वेष्टनावर ती वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना असावी लागते. रोजच्या वापरातील त्रिभुवनकीर्ती आणि आनंदभैरव यांत हिंगुळही आहे आणि वत्सनाभही.

शिवाय रुग्णाभोवतीचे वातावरण बदलले आहे. २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचे त्यात नमूद होते. २०२१ मध्ये मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनाशी यकृतविकाराचा संबंध जोडणारे रुग्णवृत्त प्रसिद्ध केले आणि आयुष मंत्रालयाने त्याचा प्रतिवाद केला. या वादांत शास्त्रीय सत्य किती, याची चर्चा वेगळी आहे. येथे मुद्दा एवढाच, की आपला रुग्ण उद्या कावीळ होऊन मोठ्या रुग्णालयात दाखल झाला, तर तेथील डॉक्टर प्रथम विचारतील की तुम्ही आयुर्वेदिक काही घेत होता काय. दोष नसतानाही आपली बाजू मांडावी लागेल आणि बाजू मांडण्यास वकील, कागद, वेळ व पैसा लागतो. दायित्व विम्याचा पहिला उपयोग भरपाई देण्यासाठी नाही. निर्दोष वैद्यास आपली बाजू मांडता यावी, यासाठी आहे.

प्रस्तावपत्रातील प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. विम्याच्या प्रस्तावपत्रात आपली पदवी, नोंदणी क्रमांक आणि व्यवसायाचे स्वरूप विचारलेले असते. आपण कोणत्या पद्धतीने चिकित्सा करता, केवळ बहिर्रुग्ण विभाग आहे की आंतररुग्णही, शस्त्रकर्म करता काय, हे सांगावे लागते. बहुतेक ठिकाणी हा अर्ज विमा एजंटच भरतो. ‘आयुर्वेदीय चिकित्सक, बहिर्रुग्ण’ असे लिहून वैद्याची सही घेतली जाते, कारण त्या वर्गाचा हप्ता सर्वांत कमी असतो.

प्रत्यक्षात त्याच दवाखान्यात सलाईन लावले जाते, सुईने औषध दिले जाते, प्रतिजैविके लिहून दिली जातात. ग्रामीण भागात एम.बी.बी.एस. डॉक्टर उपलब्ध नाही, रात्री-अपरात्री रुग्ण आपल्याच दारी येतो, हे वास्तव मी स्वतः तालुक्याच्या गावी व्यवसाय करीत असल्याने जाणतो. त्या वास्तवाचा उपहास करण्याचा हेतू नाही. परंतु विमा हा परमविश्वासाचा करार आहे. महत्त्वाची माहिती दडवून घेतलेल्या पॉलिसीवर दावा आला, तर कंपनी प्रथम प्रस्तावपत्र काढून पाहील आणि त्यात लिहिलेल्या व्यवसायाबाहेर घडलेल्या घटनेची जबाबदारी नाकारील. त्या नकारास अन्याय म्हणता येणार नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये होमिओपॅथीच्या नोंदणीकृत चिकित्सकाने आधुनिक औषधे दिली, हेच निष्काळजीपणाचे पुरेसे प्रमाण मानले आणि मृत रुग्णाच्या पत्नीस ३ लाख रुपये देण्यास सांगितले. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा तो भोंदू, अशा आशयाचे कठोर शब्द त्या निकालात आहेत. पुढे १९९८ मध्ये मुख्तियार चंद प्रकरणात, भारतीय चिकित्सापद्धतीच्या वैद्यास आधुनिक औषधे देण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यकव्यवसायी कायदा आणि १९९२ व १९९९ च्या शासकीय अधिसूचना यांच्या आधारे ठरावीक नोंदणीधारकांस मर्यादित मुभा मिळाली आहे. आपली पदवी कोणती, नोंदणी कोणत्या भागात आहे आणि आपले प्रशिक्षण किती, यावर त्या मुभेची व्याप्ती ठरते. म्हणजे शेजारच्या वैद्यास जे लागू, ते आपणांस लागू असेलच असे नाही.

यास्तव माझे म्हणणे असे, की प्रत्येकाने प्रथम आपल्या नोंदणी प्रमाणपत्राशी आपला रोजचा व्यवसाय ताडून पाहावा. जो भाग मुभेत बसतो, तो प्रस्तावपत्रात स्पष्ट लिहावा, त्यासाठी हप्ता अधिक पडला तरी लिहावा आणि कंपनीने तो स्वीकारल्याचे पॉलिसीवर नमूद करून घ्यावे. जो भाग मुभेत बसत नाही, त्यास जगातील कोणताही विमा तारणार नाही. तो थांबविणे एवढाच मार्ग आहे. शुद्ध आयुर्वेदाचा पुरस्कार व्यासपीठावरून आपण पुष्कळ केला. ज्या प्रश्नाला व्यासपीठावर बगल देता येते, तोच प्रश्न प्रस्तावपत्र विचारते आणि तेथे खाली सही करावी लागते.

पॉलिसी वाचताना

पॉलिसीची भाषा क्लिष्ट असते, तथापि काही बाबी वाचल्याखेरीज पैसे भरू नयेत.

या पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी दाखल होतो त्या वर्षाच्या असतात. चिकित्सा २०२२ मध्ये केली आणि नोटीस २०२४ मध्ये आली, तर २०२४ ची पॉलिसी चालू असावी लागते आणि तिच्यातील पूर्वलक्षी दिनांक २०२२ मधील त्या चिकित्सेच्या आधीचा असावा लागतो. मधले एक वर्ष नूतनीकरण चुकले, तर नवी पॉलिसी नव्या दिनांकापासून आरंभ होते आणि आधीच्या वर्षांतील चिकित्सा उघडी पडते. म्हणून एकदा घेतलेला विमा खंडित करू नये. व्यवसायातून निवृत्त होणाऱ्या वैद्यानेही पुढील काही वर्षांची सोय विचारून घ्यावी. हप्ता कंपनीस मिळाल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही, असे १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते. त्यामुळे एजंटच्या खिशात आठवडाभर पडून राहिलेला चेक त्या आठवड्यात आपले रक्षण करीत नाही.

विमारकमेच्या दोन मर्यादा असतात, एका घटनेची आणि संपूर्ण वर्षाची. वार्षिक मर्यादा ४० लाख रुपये आणि प्रमाण १:४ असेल, तर एका घटनेस १० लाखच मिळतात. प्रमाण १:१ असेल तर सर्व ४० लाख एकाच घटनेस उपलब्ध असतात. वैद्यावर वर्षात चार दावे येण्याचा संभव अल्प असतो. एक मोठा दावा येण्याचे भय अधिक. म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा प्रमाण पाहावे. वकिलाचा खर्चही बहुधा त्याच मर्यादेत धरला जातो.

पंचकर्म करणाऱ्यांनी साहाय्यकाच्या कृतीचा अंतर्भाव आहे काय, ते पाहावे. नाडीस्वेदात वाफेने त्वचा भाजली, तर ती चूक परिचारकाची असली तरी उत्तरदायी वैद्यच असतो. क्षारसूत्र, अग्निकर्म, रक्तमोक्षण करणाऱ्यांनी ती कर्मे नावानिशी लिहून घ्यावीत. आंतररुग्ण विभाग असल्यास संस्थेसाठी वेगळी पॉलिसी लागते. वैद्याची वैयक्तिक पॉलिसी रुग्णालयाचे दायित्व उचलत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे अपवादांची यादी. अनेक कंपन्यांच्या पॉलिसीत वजन कमी करण्यासाठी दिलेली औषधे आणि सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया यांपासून उद्भवणारे दावे वगळलेले असतात. स्थौल्यचिकित्सेचे फलक दवाखान्याच्या दारावर लावणाऱ्या किती वैद्यांनी ही ओळ वाचली असेल? मेदोहर चिकित्सा हाच ज्यांचा प्रमुख व्यवसाय, त्यांची पॉलिसी या एका ओळीने निरर्थक ठरू शकते. मद्य अथवा मादक द्रव्याच्या अमलाखाली केलेली चिकित्सा आणि फौजदारी स्वरूपाची कृत्ये वगळलेली असतात. गुण येण्याची हमी दिली असेल तर त्या हमीचे दायित्वही बहुधा कंपनी घेत नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा तर आहेच.

आणखी एक अट आपल्या स्वभावाच्या विरुद्ध जाणारी आहे. कंपनीच्या संमतीखेरीज दायित्व मान्य करू नये अथवा तडजोड करू नये, असे पॉलिसी सांगते. रुग्णास अपाय झाला की सहृदय वैद्य पैसे परत करतो आणि दोन शब्द लिहूनही देतो. रुग्णाची विचारपूस करावी, त्यास पुढील उपचारासाठी योग्य ठिकाणी पाठवावे, सोबत जावे. माणुसकीस कोणतीही पॉलिसी आड येत नाही. मात्र लेखी कबुली आणि पैशाचा व्यवहार कंपनीस कळवूनच करावा.

तुरुंगवासापासून विमा वाचवीत नाही

विमा पैशाचे दायित्व उचलतो, शिक्षेचे नाही. येथे २०२४ पासून आपली स्थिती अधिक बिकट झाली आहे आणि तिची चर्चा आपल्या वर्तुळात जितकी व्हावयास हवी तितकी झालेली नाही.

पूर्वी निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास भारतीय दंडविधानाच्या कलम ३०४-अ अन्वये सर्वांनाच जास्तीत जास्त २ वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती मर्यादा ५ वर्षांवर नेली. नोंदणीकृत वैद्यकव्यवसायीकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू घडल्यास मात्र ती २ वर्षेच ठेवली. ही सवलत आपणांसही आहे, असे पुष्कळ वैद्य धरून चालतात. त्याच कलमाचे स्पष्टीकरण वाचले तर भ्रम दूर होतो. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ अन्वये मान्य पदवी आणि त्याच कायद्याखालील नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असणाराच तेथे नोंदणीकृत वैद्यकव्यवसायी मानला आहे. आपली पदवी भारतीय चिकित्सापद्धतीच्या २०२० च्या स्वतंत्र कायद्याखाली येते. कलमाच्या शब्दांप्रमाणे पाहता एकाच गावातील दोन चिकित्सकांना एकाच स्वरूपाच्या घटनेसाठी एकास २ आणि दुसऱ्यास ५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे भय आहे.

२००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, खटल्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि उठल्यासुटल्या अटक करू नये, असे सांगितले. त्या संरक्षणाचा आधार आपणही घेऊ शकतो. परंतु आयुर्वेदीय चिकित्सेविषयी स्वतंत्र मत कोण देणार, हा प्रश्न उरतोच. ते मत आयुर्वेदाच्याच अनुभवी शिक्षकाने अथवा चिकित्सकाने द्यावे, असा आग्रह संघटनेने धरला पाहिजे. कलम १०६ मधील स्पष्टीकरणात आपल्या नोंदवहीचा समावेश व्हावा, ही मागणीही प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर असावी.

औषधालयांच्या मालकांसाठी

वैद्याची पॉलिसी औषधालयाच्या काउंटरपर्यंत पोहोचत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्याने उत्पादन दायित्व हे स्वतंत्र प्रकरण आणले आहे. त्यानुसार विक्रेत्याने मालात फेरफार केला असेल, वेष्टन अथवा लेबल यांवर त्याचे नियंत्रण असेल, स्वतंत्र हमी दिली असेल, उत्पादक कोण ते सांगता येत नसेल अथवा उत्पादकाने दिलेल्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचविल्या नसतील, तर विक्रेता स्वतः उत्तरदायी ठरू शकतो.

आपल्याकडे मोठ्या डब्यातून चूर्ण काढून कागदाच्या पुडीत बांधून देण्याची रीत आहे. त्या पुडीवर ना कंपनीचे नाव, ना बॅच क्रमांक, ना अनुसूची ई(१) ची सूचना. वर सांगितलेल्या अटींपैकी तीन अटी ती एक पुडी पूर्ण करते. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस ॲलोपॅथिक औषधांप्रमाणे विक्री परवाना लागत नाही, त्यामुळे आपल्यावर कायद्याची दृष्टी नाही, असा गैरसमज होतो. परवाना नसला तरी दायित्व आहेच. विक्रेत्यांनी उत्पादन दायित्वाचा वेगळा विमा घ्यावा, बिलावर बॅच क्रमांक टाकावा आणि वैद्याच्या चिठ्ठीतील औषध नसेल तेव्हा विचारल्याखेरीज बदली औषध देऊ नये.

जे वैद्य स्वतः औषधे बनवितात, त्यांनाही हेच लागू आहे. आपल्या स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविण्यास कायद्याने वैद्यास उत्पादन परवान्यातून मुभा दिली आहे. ती मुभा परवान्यापुरती आहे, परिणामांच्या जबाबदारीतून नाही. औषध शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले की ती मुभाही संपते.

आक्षेपांचा विचार

विमा आहे हे कळले की तक्रारी वाढतात, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु पॉलिसीची प्रत दवाखान्यात टांगण्याचे कोणतेही बंधन नाही. तक्रार करणारा बहुधा वैद्याच्या विम्यामुळे नव्हे, तर वैद्याच्या अबोलपणामुळे आयोगाकडे जातो. काय झाले हे कोणी नीट सांगितले असते, तर यातील पुष्कळ प्रकरणे उंबरठ्यावरच थांबली असती, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विमा आणि खटल्याचे भय यांमुळे वैद्य कठीण रुग्ण नाकारू लागेल, अनावश्यक तपासण्या करवील आणि हा सारा खर्च अखेर रुग्णावर पडेल. ही भीती खरी आहे आणि आधुनिक वैद्यकात तिचा प्रत्यय येतो. यावर उपाय विम्यावाचून राहणे हा नाही, कारण विमा नसलेला वैद्य तर कठीण रुग्णास अधिकच घाबरेल. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चिकित्सकाची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविण्यातील काळजी, कोणती चिकित्सा करावी हे ठरविण्यातील काळजी आणि ती चिकित्सा करण्यातील काळजी. न्यायालय यशाची अपेक्षा करीत नाही, वाजवी काळजीची करते. साध्यासाध्यता पाहून रुग्ण हाती घेण्यास शिकलेल्या वैद्यास यात नवे काही नाही.

ती काळजी घेतल्याचा पुरावा मात्र कागदावर असावा लागतो. रुग्णपत्रिकेत निदान, औषधाचे पूर्ण नाव, मात्रा, अनुपान, काल, पथ्य आणि दिलेला सल्ला लिहावा. ‘पुड्या ७ दिवस’ एवढी नोंद कोणताही वकील सावरू शकणार नाही. आधुनिक वैद्यकाच्या २००२ च्या नियमावलीत आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जतन करण्यास आणि मागितल्यास ७२ तासांत देण्यास सांगितले आहे. आपणही किमान तेवढे पाळावे आणि बालरुग्णांच्या नोंदी अधिक काळ ठेवाव्यात.

तिसरा आक्षेप खर्चाचा. केवळ बहिर्रुग्ण विभाग असणाऱ्या वैद्याचा वर्षाचा हप्ता सामान्यतः काही हजार रुपयांच्या घरात असतो. तोही ज्यास जड, असे समव्यावसायिक खेडोपाडी आहेत, हे नाकारता येत नाही. येथे संघटनेचे काम सुरू होते.

संघटनेने काय करावे

एकेकटा वैद्य कंपनीशी बोलू शकत नाही. तो छापील पॉलिसीवर सही करतो. संघटनेने सर्व सभासदांच्या वतीने सामूहिक पॉलिसीची बोलणी केली, तर हप्ता कमी होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अटी बदलून घेता येतील. पंचकर्म, क्षारसूत्र, अग्निकर्म यांचा नावानिशी समावेश, मेदोहर चिकित्सेचा अपवाद काढून टाकणे अथवा अतिरिक्त हप्ता घेऊन स्वीकारणे, आणि प्रकरणातील तज्ज्ञमत आयुर्वेदाच्याच चिकित्सकाकडून घेणे, या तीन गोष्टी आग्रहाने मागाव्यात. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्यात आयुष उपचारांस अन्य उपचारांच्या बरोबरीने स्थान देण्याचे निर्देश विमा नियामक प्राधिकरणाने दिले आहेत. रुग्णाचा विमा आपल्या चिकित्सेस मान्य करतो, तर चिकित्सकाचा विमा तिची नावेही ओळखत नाही, ही विसंगती कंपन्यांपुढे मांडण्यास हीच वेळ योग्य आहे.

त्याचबरोबर संघटनेने सभासदांकडून एक माहितीपत्रक भरून घ्यावे : पदवी, नोंदणीचा भाग, केली जाणारी कर्मे, दिली जाणारी औषधे. त्यावर नाव नसले तरी चालेल. आपण नेमके काय करतो, याचे चित्र प्रथम आपल्यासमोर यावे. ते पाहिल्यावर काही गोष्टी थांबवाव्या लागतील, काहींसाठी शासनाकडे जावे लागेल आणि ज्या उरतील त्यांचा विमा निश्चिंतपणे उतरविता येईल. पुढील नूतनीकरणाची तारीख येण्याआधी प्रत्येक वैद्याने निदान आपले जुने प्रस्तावपत्र कंपनीकडून मागवून एकदा वाचावे. त्यातील हस्ताक्षर बहुधा एजंटचे असेल, सही मात्र आपली असेल.